साडेचारशे वॅटचा एसएमपीएस का पुरला नाही: सांगलीतल्या एका लग्न-स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत मार्केट यार्डाजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणारा स्टुडिओ आहे. मालक कॅमेरा घेऊन मिरज, तासगाव, कधी पार जतपर्यंत फिरतात. एडिटिंग त्यांच्या पत्नी करतात. मी त्यांना वहिनी म्हणतो, इथेही तेच म्हणेन. माझं कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्यांचं मशीन पहिल्यापासून माझ्याकडेच असतं. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, आकडे मात्र माझ्या वहीत लिहून ठेवले होते तसेच दिले आहेत.

मशीन असं होतं: इंटेलचा कोअर आय७-१२७०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, फुटेज साठवायला मोठ्या आकाराच्या दोन हार्ड डिस्क, कॅबिनेटला तीन पंखे आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन मशीनच्या भागांना पुरवणारा डबा, ४५० वॅटचा. हा एसएमपीएस २०१८ च्या जुन्या मशीनमधला. २०२२ मध्ये बोर्ड आणि प्रोसेसर बदलले तेव्हा कॅबिनेटबरोबर तोही तसाच ठेवला. बदलणारा मीच होतो. प्रोसेसरच्या माहितीत ६५ वॅट लिहिलेलं, कार्डाला वेगळी वायरसुद्धा लागत नव्हती, त्यामुळे एसएमपीएसचा विचार करावा असं त्या दिवशी वाटलंच नाही.

२०२४ च्या जानेवारीत मालकांचा फोन आला. मित्राकडे आरटीएक्स ३०६० टीआय कार्ड विकायला होतं.

“घेऊ का? आपला एसएमपीएस चालंल न्हवं?”

“किती वॅटचा आहे बघा बरं.”

“साडेचारशे लिहिलंय की.”

“मग हरकत नाही, घ्या.”

कार्ड त्यांच्या मित्रानेच बसवून दिलं. मी मशीन उघडून पाहिलं नाही.

काय बिघडत होतं

पहिला आठवडा सगळे खूश. टाइमलाइन अडखळत नव्हती, रंग लावताना थांबावं लागत नव्हतं. मग एका रात्री तासगावच्या लग्नाची फिल्म एक्सपोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओ फाइल बनवायला लावली आणि मशीन खटकन बंद पडलं. निळी स्क्रीन आली नाही, आधी कसला संदेश आला नाही, पंख्यांसकट सगळं गप्प. पुढचं बटण दाबून चालू होईना. मागे एसएमपीएसचं काळं बटण बंद करून, थोडं थांबून परत चालू केलं की व्यवस्थित सुरू व्हायचं.

हेच पुन्हा पुन्हा होऊ लागलं. त्यातही वहिनींनी एक गोष्ट नीट टिपली होती. साधं कटिंग करताना, गाणी लावताना, अल्बमचं डिझाइन करताना मशीन कधीच बंद पडत नाही. हळदीच्या आणि वरातीच्या रात्रीच्या फुटेजला नॉइज रिडक्शन (अंधारातल्या चित्रातले ठिपके काढणं) लावून एक्सपोर्ट केलं की बंद पडतं. “आणि दादा, सकाळी लावलं तर कधीमधी पूर्ण होतं. संध्याकाळी सातनंतर लावलं की हमखास जातंय,” असं त्या म्हणाल्या. निदानासाठी लागणारं जवळजवळ सगळं या दोन वाक्यांत होतं, हे मला बरंच उशिरा कळलं.

सुरुवातीचा तपास

मी गेलो तेव्हा फेब्रुवारी सुरू झाला होता. यार्डात नव्या हळदीचे सौदे चालू झाले की त्या भागात हवेतच हळद असते. कॅबिनेट उघडलं तर जाळीवर, पंख्यांवर, एसएमपीएसच्या तोंडावर बारीक पिवळा थर. मला वाटलं, सापडलं. सगळं ब्लोअरने साफ केलं, प्रोसेसरची पेस्ट बदलली. तापमान उतरलंही, एक्सपोर्टच्या वेळी प्रोसेसर ७८ अंशांवर आणि कार्ड ७० च्या आत. त्याच संध्याकाळी मशीन पुन्हा बंद.

मग रात्रभर मेमटेस्ट चालवला, रॅम स्वच्छ. कार्डाचा ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकला. विंडोजच्या नोंदींमध्ये दर वेळी ‘केर्नल-पॉवर ४१’ दिसत होतं. या नोंदीवरून पुष्कळ जण थेट एसएमपीएसला दोषी धरतात. खरं तर ती एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. भिंतीवरचं बटण कुणी चुकून दाबलं तरी तीच नोंद येते.

या सगळ्यात नऊ दिवस गेले आणि दोन लग्नांच्या फिल्म अडकल्या. ज्या घरात लग्न झालंय तिथे पाहुण्यांना दाखवायला व्हिडिओ कधी येणार म्हणून रोज फोन येत असतो. तो ताण वहिनींनी सोसला.

खरी दिशा मागच्या काळ्या बटणाने दाखवली. उष्णतेने किंवा रॅमच्या दोषाने मशीन पडलं तर बहुधा ते स्वतःच रीस्टार्ट होतं किंवा पुढच्या बटणाने चालू होतं. मागून वीज तोडल्याशिवाय उठत नसेल, तर एसएमपीएसचं आतलं संरक्षण लागून बसलेलं असण्याची शक्यता मोठी. लोड मर्यादेच्या वर गेला की एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो आणि मुख्य वीज काढेपर्यंत तसाच राहतो. मालकांना मी म्हणालो, “हा मेलेला नाही, हा नको म्हणतोय.”

लेबल वाचल्यावर

एसएमपीएस बाहेर काढून बाजूचं लेबल पाहिलं. खोक्यावर आणि लेबलच्या वरच्या पट्टीत ठळक ४५०. खाली लहान अक्षरांत तक्ता. त्यात १२ व्होल्टच्या दोन लाइन, एक १४ अँपिअरची आणि एक १६ अँपिअरची. १४ आणि १६ मिळून ३०, गुणिले १२, म्हणजे ३६० वॅट असं कुणीही म्हणेल. पण त्याच्याच खालच्या ओळीत दोन्ही लाइन मिळून जास्तीत जास्त ३०० वॅट असं लिहिलेलं होतं. उरलेली क्षमता ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवलेली.

आजच्या मशीनमध्ये मोठे खाणारे दोनच, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, आणि दोघंही १२ व्होल्टवर चालतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर फारसा भार उरलेला नाही. म्हणजे स्टुडिओच्या कामापुरता हा ३०० वॅटचा एसएमपीएस होता. फोनवर मी साडेचारशे ऐकलं आणि त्यावर होकार दिला.

तक्त्यात आणखी एक ओळ होती: इनपुट २०० ते २४० व्होल्ट. मीटर लावून बघितलं तर त्या इमारतीत दुपारी २२५ च्या पुढे असणारा व्होल्टेज संध्याकाळी १९५ पर्यंत उतरत होता. या जुन्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे भिंतीतून वीज एकसारखी ओढणारं सर्किट, नव्हतं. अशा एसएमपीएसमध्ये आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवरचा व्होल्टेज भिंतीतल्या व्होल्टेजबरोबरच खाली येतो, आणि तेवढीच वॅट द्यायला त्याला जास्त ओढावं लागतं. त्यातून कॅपॅसिटर सहा वर्षांचे, वाळत आलेले. वहिनींचं सातनंतरचं निरीक्षण इथे जुळलं.

आणि एक गोष्ट पाहून मला खरोखर भीती वाटली. नव्या कार्डाला आठ पिनांची वायर लागते. जुन्या एसएमपीएसला ती नव्हतीच. बसवताना हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून आठ पिनांचा जोड लावलेला होता. आठ पिनांच्या जोडातून १५० वॅटपर्यंत, म्हणजे १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअरपर्यंत प्रवाह जाऊ शकतो. तो सगळा मोलेक्सच्या बारीक पिनांमधून चालला होता. एका कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक कडेला तपकिरी झालेलं होतं. फिल्म उशिरा मिळाली तर फोन येतात, पण याचं पुढे काय झालं असतं ते सांगायला नको. तो जोड मी तिथल्या तिथे काढून खिशात टाकला. कार्ड न चालवता प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर मशीन चालू करून दिलं. साधं कटिंग तेवढ्यावर होतं.

बेरीज

दुकानात बसून जी बेरीज महिनाभरापूर्वी करायला हवी होती ती केली.

प्रोसेसरपासून सुरुवात. आय७-१२७०० ची ६५ वॅट ही पायाभूत क्षमता. पूर्ण जोर लागला की इंटेलच्याच माहितीप्रमाणे तो १८० वॅटपर्यंत जातो, आणि एक्सपोर्ट म्हणजे पूर्ण जोरच. त्यात बोर्डावर १२ व्होल्टपासून प्रोसेसरला लागणारा कमी व्होल्टेज तयार करताना होणारा दहाएक टक्के तोटा धरला, म्हणजे २००. ग्राफिक कार्ड २००, हा एनव्हीडियाचा आकडा पूर्ण कार्डाचा असतो, त्यावर वेगळा तोटा धरायचा नाही. दोन हार्ड डिस्क चालताना ८-८, एसएसडी ८, रॅमच्या दोन पट्ट्या मिळून ८, तीन पंखे ९, बोर्ड, यूएसबी, नेटवर्क वगैरे २५. एकूण ४६६. यातले १२ व्होल्टवरचे साधारण ४२०, म्हणजे ३५ अँपिअर. लेबलवरचे ३०० वॅट म्हणजे २५ अँपिअर.

मोठी हार्ड डिस्क चालू होताना तिची मोटर क्षणभर पंचवीस वॅटपर्यंत ओढते. पण ते मशीन सुरू होताना, तेव्हा प्रोसेसर आणि कार्ड मोकळे असतात, म्हणून ती बेरजेत घेतली नाही. आठ-दहा डिस्कचा सर्व्हर असता तर घेतलीच असती.

ही बेरीज सरासरीची झाली. त्या पिढीची कार्डं काही मिलिसेकंदांसाठी आपल्या आकड्याच्या दीडपटीपर्यंत, त्याहून लहान क्षणासाठी आणखी वर झेप घेतात. आपल्या मीटरवर ती दिसत नाही, एसएमपीएसच्या संरक्षणाला मात्र दिसते. याच कारणाने इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० ही एसएमपीएसची नियमावली आणताना अशा झेपा पेलण्याची अट घातली. म्हणून ४६६ ला ४७० चा एसएमपीएस घेऊन चालत नाही. मी बेरजेवर तिसरा हिस्सा मोकळा ठेवतो, म्हणजे इथे ६२० च्या आसपास. एनव्हीडिया या कार्डासाठी ६०० वॅटचा एसएमपीएस सुचवते. समोरच्याचा प्रोसेसर कोणता, एसएमपीएस कसला, हे कंपनीला माहीत नसतं, त्यामुळे त्या सूचनेत मोकळी जागा धरलेलीच असते. दोन्ही वाटांनी आपण जवळजवळ एकाच ठिकाणी आलो.

समोर असलेले पर्याय

मालकांच्या मनात ८५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा होता. कोल्हापूरच्या एका मित्राने सांगितलेलं, “घ्यायचा तर मोठाच घे, परत बघायला नको.” त्याची किंमत साडेदहा हजार. दुसऱ्या टोकाला स्थानिक बाजारात मिळणारा, रंगीत दिवे असलेला, ६५० लिहिलेला, अठराशे रुपयांचा. त्याचं लेबल मी मागवून पाहिलं. १२ व्होल्टला २४ अँपिअर, म्हणजे आपल्या जुन्यापेक्षाही कमी. तो पर्याय तिथेच संपला. मधे चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा, त्याहून खालच्या ब्रॉन्झ दर्जाचा, पाच हजार दोनशेला, १२ व्होल्टची एकच लाइन ५४ अँपिअरची. ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८. लेबलवरचा मोठा आकडा आणि १२ व्होल्टचा आकडा जवळजवळ एकच आला की मला त्या एसएमपीएसवर भरवसा वाटतो.

एक पर्याय बिनपैशाचाही होता. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरला १०० वॅटची मर्यादा घालायची आणि कार्डाला ७० टक्क्यांची, म्हणजे १४० वॅटची. १२ व्होल्टवरचा भार २७० च्या जवळ येतो आणि जुन्या एसएमपीएसच्या तीनशेत बसतो. वहिनींना हा पर्याय पटला होता. “चालतंय की असंच, कशाला खर्च?” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त गेला तरी रात्रीत होतंच. पण जुन्या एसएमपीएसला आठ पिनांची वायर नव्हती, म्हणजे तोच मोलेक्सचा जोड परत लावावा लागला असता.

८५० बद्दल मालकांशी बरंच बोललो. मोठा एसएमपीएस मशीनला जास्त वीज ढकलत नाही, मशीन मागेल तेवढीच देतो, त्यामुळे नुकसान असं काही नाही. फायदाही दिसत नव्हता. हे मशीन दिवसातला बहुतेक वेळ कटिंगमध्ये, शंभर-दीडशे वॅटवर असतं. एवढ्या कमी भारावर खूप मोठा एसएमपीएस त्याच्या सर्वांत चांगल्या कार्यक्षमतेपाशी पोचत नाही. तो साधारण अर्ध्या भारावर सर्वांत चांगला चालतो. पुढच्या कार्डाचं म्हणाल, तर नवं म्हणजे जास्त खाणारं असंही नाही. आरटीएक्स ४०७० सुद्धा २०० वॅटचंच आहे आणि ४०६० तर ११५ चं. त्यांना २८५ वॅटच्या ४०७० टीआयसारखं कार्ड घ्यायचं असतं तर मीच ७५० म्हणालो असतो. तसा बेत नव्हता.

काय केलं

दोन टप्प्यांत केलं. ६५० चा ब्रॉन्झ यायला चार दिवस होते आणि फिल्म तर अडकलेल्या. दुकानातला योग्य आठ पिनांची वायर असलेला एक वापरलेला ५०० वॅटचा एसएमपीएस तात्पुरता लावला. तोही फार दमाचा नसल्याने वरच्या दोन्ही मर्यादा घातल्या. आधी ज्या फिल्मला ३८ मिनिटं लागायची तिला ४६ लागली. आठ मिनिटं जास्त, पण चार रात्री मशीन एकदाही पडलं नाही आणि दोन्ही लग्नांच्या फिल्म घरोघरी पोचल्या. नॉइज रिडक्शनचं ओझं निम्म्याहून जास्त कार्डावर असतं, तरी कार्डाची तीस टक्के वीज कापून वेग तेवढा पडत नाही. वरच्या टोकाची वीज सर्वांत महाग पडते, शेवटच्या थोड्या वेगासाठी कार्ड खूप ओढतं. हे मला आधी ऐकून माहीत होतं, त्या आठवड्यात घड्याळ लावून पाहिलं.

नवा एसएमपीएस आल्यावर सगळ्या वायरी त्याच्याच लावल्या. आधीच्या एसएमपीएसची सुटी होणारी वायर आठवण म्हणूनसुद्धा ठेवली नाही. एका एसएमपीएसची वायर दुसऱ्याला लावली तर पिनांची रचना वेगळी निघून डिस्क जळू शकते. मर्यादा काढल्या. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर ठेवला आणि संध्याकाळी साडेसातला, व्होल्टेज १९७ असताना, तीच हळदीची फिल्म एक्सपोर्टला लावली.

मोकळं असताना ६५. टाइमलाइन पुढेमागे करताना १८० च्या आसपास. एक्सपोर्टमध्ये ४३० ते ४५५ च्या मधे. मालक म्हणाले, “म्हणजे साडेचारशेचा खरंतर काठावर पुरला असता.” हा घोटाळा इतका नेहमीचा आहे की थांबून समजावलं. मीटर दाखवतो ती भिंतीतून आत जाणारी वीज. एसएमपीएसवर लिहिलेली असते ती बाहेर देण्याची क्षमता. मधे उष्णतेत जाते ती वेगळी. ब्रॉन्झची कार्यक्षमता साधारण ८५ टक्के धरली तर ४५५ मधले ३९० च्या आसपास मशीनला मिळत होते. बेरीज ४६६ ची होती, प्रत्यक्षात ३९०, कारण प्रोसेसर आणि कार्ड एकाच क्षणी दोघंही पूर्ण टोकाला फार वेळ राहत नाहीत. ३९० मधले साडेतीनशेवर १२ व्होल्टचे. जुन्याचे तीनशे.

नव्या एसएमपीएसची इनपुटची मर्यादा १०० ते २४० व्होल्ट. १९७ वर तो निवांत होता.

दुसरं बंद पडणं

प्रकरण इथे संपलं असं मी वहीत लिहिलंही होतं. अकराव्या दिवशी वहिनींचा फोन. “दादा, परत बंद पडला ओ.” माझ्या पोटात गोळा आला. विचारलं, मागचं बटण दाबावं लागलं का? नाही. काय करत होता? एक्सपोर्ट. आणि? “लाइट गेली होती.”

यूपीएसकडे मी बघितलंच नव्हतं. ६०० व्हीएचा, टेबलाखाली, वर्षानुवर्षं निमूट काम करणारा. व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. त्याच्या मागच्या लेबलवर ३६० वॅट लिहिलेलं. मशीनचे ४५५ आणि दोन मॉनिटरचे ५० मिळून ५०५. वीज असताना यूपीएस भिंतीतली वीज तशीच पुढे सोडतो, त्यामुळे इतके दिवस काही जाणवलं नाही. वीज गेल्या क्षणी सगळा भार त्याच्या अंगावर आला आणि त्याने एक लांब शिट्टी मारून हात टेकले. जुन्या १६५० कार्डावर मशीन-मॉनिटर मिळून भार ३६० च्या आत असावा, म्हणून तो तेव्हा पुरत होता.

८५० आणि ६५० मधल्या फरकाचे पाच हजार मालकांकडे शिल्लक होते. त्यात थोडी भर घालून ११०० व्हीए, ६६० वॅटचा यूपीएस घ्यायचं ठरलं. या वेळी विकत घेण्याआधी तपासलं. दुकानातला तसाच यूपीएस नेला, एक्सपोर्ट लावला आणि भिंतीतला प्लग ओढला. हे करून पाहणं गरजेचं होतं. नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी आहे, स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन लाट (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत) देत नाहीत, आणि काही जोड्या एकमेकांशी पटवून घेत नाहीत. शिवाय यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कॅपॅसिटरवर मशीन धरून ठेवायचं असतं. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे ही धरून ठेवण्याची वेळ साधारण १६-१७ मिलिसेकंद असते. प्लग ओढला, दिवा गेला, एक्सपोर्टची टक्केवारी पुढे सरकत राहिली. वहिनींनी तीन वेळा ओढायला लावला.

बॅकअप पाच मिनिटांचाही नाही. एक्सपोर्ट थांबवून मशीन नीट बंद करायला तेवढा पुरतो आणि घरच्या इन्व्हर्टरवर हे मशीन टाकायचं नाही, एवढं ठरवून घेतलं.

निकाल

मार्चपासून पुढचा पूर्ण लग्नांचा हंगाम मशीन एकदाही स्वतःहून पडलं नाही. जून उजाडेपर्यंत वहिनींनी एकोणीस फिल्म दिल्या. जुना एसएमपीएस परत कुठल्याही मशीनला लावला नाही, मालकांच्या समोर वायर कापून भंगारात दिला. त्यांना तो हिशेबाच्या कॉम्प्युटरला हवा होता. पण जो एसएमपीएस महिनाभर मर्यादेच्या वर धडका देत होता, त्याच्यावर कुणाच्या वर्षभराच्या हिशेबाची जबाबदारी टाकायला मन तयार झालं नाही.

एक दुवा मात्र तसाच राहिला. इमारतीचं अर्थिंग तपासलं तर कमजोर निघालं. ते काम इमारतीच्या सगळ्यांचं मिळून आहे, बोलणी चालू आहेत. तोपर्यंत कॅबिनेटला हात लावला की किंचित झिणझिणी येते, हे मालकांना लिहून दिलं आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

दोन वळणांवर मी वेगळं वागलो असतो. पहिलं २०२२ चं. प्रोसेसरच्या माहितीतल्या ६५ वर न थांबता १८० बघितले असते, तर एसएमपीएस त्याच दिवशी बदलण्याचा सल्ला दिला असता, आणि तेव्हा मालकांनी मानलाही असता, कारण नवं मशीन म्हणून पैसे बाजूला काढलेले होते. दुसरं, तो फोन. “किती वॅटचा” या प्रश्नाचा काही उपयोग नव्हता. “लेबलचा फोटो पाठवा आणि आठ पिनांची वायर आहे का बघा” एवढं म्हणालो असतो तर मोलेक्सचा जोड कधी लागलाच नसता. आता मी फोनवर वॅट विचारतच नाही, फोटो मागतो.

तपासाचा क्रमही उलटा होता. धूळ, पेस्ट, रॅम, ड्रायव्हर हे सगळं हाताला सवयीचं, म्हणून आधी केलं. वॅटमीटर दुकानाच्या कपाटात पडून होता, तो पहिल्याच दिवशी नेला असता तर नऊ दिवस वाचले असते. वहिनींनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं की ठरावीक कामालाच, ठरावीक वेळीच बंद पडतं. ते ऐकून घेऊनही मी हळदीची धूळ पुसत बसलो.

६५० घेण्याचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. ७५० घेतला असता तरी चुकलं नसतं, फरक दीड-दोन हजारांचा होता. ज्यांना दोन वर्षांत मोठं कार्ड घ्यायचंच आहे त्यांना मी आज ७५० च सांगतो. इथे ते पैसे यूपीएसला लागले आणि तिथे त्यांची जास्त गरज होती.

आता त्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे, वहिनींच्या अक्षरात: १२ व्होल्ट ५४ अँपिअर, एक्सपोर्टला भिंतीतून ४५५, यूपीएस ६६०. जुलैमध्ये मालकांना तिसरी हार्ड डिस्क बसवायची होती. वहिनींनी चिठ्ठीत आठ मिळवले, मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “बसंल न्हवं?” बसत होतं.